लाल आकडा लाल मिरचीचा

दोंडाईच्याला भिकमचंद शेठच्या मिरचीच्या आवारात १९९६च्या हंगामात भाव दाखवणारा विजेचा फळा लागला, आणि पहिल्याच लिलावाला शेतकऱ्यांच्या गाड्या फाटकावरून परत फिरल्या. फळा मुंबईच्या एका कंपनीचा होता. तो आणायला शेठला राजी केलं होतं अभिमन बोरसेने.

अभिमन धुळ्याच्या पाचव्या गल्लीत संगणकाचा क्लास चालवायचा. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यावर त्याच्या वर्गातल्या बहुतेकांनी पुणे-नाशिक गाठलं. हा गेला नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "तिकडे माझ्यासारखे पुष्कळ आहेत."

फळ्यावर एलईडीचे चौकोनी तुकडे शेजारी शेजारी बसवलेले होते. त्यांतल्या प्रत्येक ठिपक्यात दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा. फळ्याची वायर संगणकाला प्रिंटरच्या जागी जोडलेली. कंपनीच्या प्रोग्रामचा नियम साधा होता: भाव चढला की आकडा हिरवा, उतरला की लाल. शेअर बाजारात हे चालत असेल. या आवारात मात्र लाल मिरचीही येते आणि हिरवीही. त्या दिवशी लाल मिरचीचा भाव चढला आणि फळ्यावर मोठे हिरवे आकडे झळकले.

झुंबरबाई ही जवळच्या गावची शेतकरीण. लाल मिरचीची गाडी घेऊन ती फाटकाशी आली, फळ्याकडे पाहिलं आणि दिराला म्हणाली, "निंबा, गाडी फिराव. आज हिरवीना भाव शे. आपली लाल आठे कोन लेई?"

मागच्या गाड्यांनीही तेच केलं. दुपारनंतर भाव पडला, आकडे लाल झाले, आणि ते पाहून आत आलेल्यांना पडलेला भाव मिळाला. त्यांनी शेठच्या गादीसमोर आरडाओरडा केला.

"उतरवा हे," शेठ म्हणाले. "आमचा खडू बरा."

"शेठ, रविवारच्या लिलावापर्यंत राहू द्या. रंग बदलतो."

"रविवारी एक जरी गाडी परत गेली, तर फळा मुंबईला जाईल. आणि पुन्हा या आवारात विजेचं काही आणायचं नाही, अभिमनभाऊ."

अभिमनने मुंबईला फोन लावला. रंग प्रोग्राममध्येच पक्के आहेत, बदल हवा असेल तर इंजिनिअर दिवाळीनंतर येईल, असं उत्तर मिळालं. त्याने फोन ठेवला आणि कंपनीचा प्रोग्राम बाजूला सारला. आता फळ्याचा ड्रायव्हर, म्हणजे फळ्याला चालवणारा प्रोग्राम, मीच लिहितो, असं त्याने शेठना सांगितलं.

"ड्रायव्हर?" शेठ हसले. "ट्रकवर दोन आहेत. दोघंही दुपारी झोपतात. तुझा जागा राहील का?"

"हा झोपला तर फळाच विझेल, शेठ."

ते खरंच होतं. असा फळा एकदम पेटत नाही. एक ओळ पेटते, विझते, मग दुसरी पेटते. हे इतक्या वेगाने चालतं की डोळ्याला सगळा आकडा सलग दिसतो. संगणकावर दुसरं काहीही चालू असलं, तरी ड्रायव्हरने आतून ही फेरी चालू ठेवायची असते. ते जमलं की शेठचे मुनीम कन्हैयालाल भाव टाइप करून प्रिंटरला पाठवावा तसा फळ्याला पाठवू शकणार होते.

रंगांचा नियम अभिमनने नव्याने ठरवला. लाल मिरचीचा आकडा लाल, हिरवीचा हिरवा. चढ-उतारासाठी शेजारी बाण. बोली चालू असेपर्यंत आकडा पिवळा, आणि बोली तुटून सौदा पक्का झाला की मालाच्या रंगाचा.

अडलं ते पिवळ्यावर. दोन्ही दिवे एकदम लावले की पिवळा व्हायला हवा होता, पण लाल दिवा जास्त तेज होता. चालू बोली लांबून तुटलेली वाटली असती, म्हणजे पुन्हा तीच फसगत. अभिमनने फळ्याचे दोन तुकडे धुळ्याला नेले, भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी मांडले आणि दुसऱ्या टोकाच्या चहावाल्याला, रतिलालला विचारलं, "कोणता रंग?"

"लाल."

तो क्लासात गेला, आकडे बदलून आला. "आता?"

"लालच. तुझ्या समाधानासाठी केशरी म्हणतो."

मग त्याने हिरव्याला प्रत्येक फेरीत पेटवलं आणि लालला मधल्या काही फेऱ्यांत विझवून ठेवलं. रंग पिवळा झाला, पण आकडा थरथरायला लागला. फेऱ्यांचा वेग वाढवणं भाग होतं, आणि संगणक तेवढा चपळ नव्हता. ड्रायव्हरचा तो भाग त्याने पुसला आणि थेट प्रोसेसरच्या भाषेत पुन्हा लिहिला. क्लासच्या पोरांना त्या आठवड्यात नुसती टायपिंगची प्रॅक्टिस मिळाली. शनिवारी रतिलाल न विचारता ओरडला, "अरे, हळद झाली!"

रविवारी झुंबरबाई पुन्हा आली. अभिमन फाटकातच उभा होता.

"अक्का, पिवळा म्हणजे बोली चालू. लाल झाला की तुमचा भाव पक्का."

"मांगना येळले बी तुनाच फळा व्हता ना?" एवढं बोलून तिने गाडी आत घेतली.

तिच्या मालावर बोली सुरू झाली. आकडा पिवळा होता. दोन व्यापारी भाव वाढवायचे थांबले, तिसऱ्याने डोकं खाजवलं. लिलाव पुकारणाऱ्या शेठच्या माणसाने रोजच्या सवयीने हमालांना हात केला: माल उतरवा.

झुंबरबाई गाडीसमोर उभी राहिली. "आजून पिवळा शे. लाल हुई तवय हात लावज्यात."

लोक हसले. हमाल थांबले. इतकी वर्षं बोली कधी तुटली हे शेठचा माणूस सांगेल तेव्हाच कळायचं. आज ते सगळ्या आवाराला दिसत होतं. तिसऱ्या व्यापाऱ्याने भाव वाढवला. मग दुसऱ्याने. पुढे कोणी वाढवेना, तेव्हा कन्हैयालालनी कळ दाबली आणि आकडा लाल झाला.

शेठनी हे सगळं गादीवरून पाहिलं. त्यांना ते आवडलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "तू माझ्या माणसाचा हात बांधलास, अभिमनभाऊ."

"एकही गाडी परत गेली नाही, शेठ."

शेठनी फाटकाकडे पाहिलं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि शेवटच्या गाडीवरचा माणूस उभा राहून फळा वाचत होता.

"राहू दे वर," शेठ म्हणाले. "आणि पावसाळ्याआधी त्याला वरून पत्रा मारून घे."