ताठ पाठीचं घराणं

आमच्या पत्रकात सर्वांत मोठ्या टायपात एकच ओळ होती: 'कुष्ठरोग आनुवंशिक नाही.' ऐंशीनंतरची ती वर्षं. माझं कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, आणि रत्नागिरीहून एसटीने गावोगाव जाऊन ती ओळ लोकांच्या तोंडावर मारायची, हेच माझं काम. कुणी वाद घातला तर उलट बरं वाटायचं.

देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीत मात्र ती ओळ पुरली नाही. तिथल्या एका शेतकऱ्याचं कुष्ठरोगाचं औषध पूर्ण होऊन डॉक्टरांनी त्याला मोकळं केलं होतं. त्याच्या मुलीचं खालच्या वाडीतल्या, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात मुलाच्या काकांच्या कानावर आलं, की मुलीच्या चुलत्यालाही मुंबईत तोच रोग निघालाय. काकांनी सुपारी फोडायची थांबवली. शिमग्याला मुलगा आला की शेवटचं बोलू, म्हणाले. मुलीच्या आईने मला निरोप धाडला, "ताई, तू ये नि त्यांना सांग."

मी तडक काकांच्या घरी गेले. ते पडवीत खांबासारखे बसले होते. 'आमच्या घराण्यात मान कुणापुढे वाकत नाय,' हे मला पाणी देतादेताच ऐकवण्यात आलं. मी माझी ओळ म्हणून दाखवली.

"रोग रक्तात नाय म्हणतेस," काका म्हणाले. "मंग पोरीच्या बापाला झाला, पण त्याची बायको इतकी वरसं एका घरात नांदली, तिला एक चट्टा नाय. नि भाऊ मुंबईत ऱ्हातो, गणपतीला तेवढा येतो, त्याला निघालं. कसं गो बाय? तुझ्या कागदात काय लिवलंय?"

काही लिहिलेलं नव्हतं. मी अज्ञान, अन्याय, माणुसकी असं बरंच बोलले. काका माझ्याकडे वळले. नुसती मान नाही, अख्खं धड वळवलं त्यांनी.

"आवाज दांडगा हाय तुझा. उत्तर आण."

रत्नागिरीला परतले ती सरळ आमच्या मोहिमेच्या डॉक्टरांकडे. काकांचा प्रश्न नि त्यांचं ते मान न वळवता धड वळवणं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "जंतू वारशाने येत नाही. ते पत्रकात बरोबर आहे. पण जंतूशी लढायची ताकद प्रत्येकाची सारखी नसते. लढणाऱ्या पेशी आपलं कोण, परकं कोण हे ज्या खुणांच्या मदतीने ओळखतात, त्या खुणांचे जीन्स आईबापांकडून येतात आणि त्यांचे पुष्कळ प्रकार आहेत. म्हणून जंतू अंगात शिरूनही बहुतेकांना काहीच होत नाही. कुणाला एक चट्टा उठतो, कुणाच्या अंगभर पसरतो. बायको परक्या घरातून आलेली. भाऊ भाऊच."

"म्हणजे काका खरे?"

"प्रश्न खरा. पण मुलीला रोग होणारच, असं त्यातून निघत नाही. आणि बापापासून आता कुणाला भय नाही."

"हे बाहेर बोलू नका हं," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "मी गप्प बसलो म्हणून जीन्स बदलणार आहेत का?" मग त्यांनी विचारलं, "ते काका मान वळवत नाहीत म्हणालीस ना? न बघता सांगू नये, पण त्याच खुणांतली एक खूण असलेल्या काही घरांत पुरुषांची पाठ तरुणपणापासून धरते, आखडत जाते. खूण असूनही बहुतेकांना काही होत नाही, तेही तसंच."

मला काकांवर भिरकवायला धोंडा सापडल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिले. पुरतं सांगावं तर ते 'रक्तात आहे' एवढंच ऐकणार. लपवावं तर आम्हीही थापाडेच. मोहिमेच्या मंडळात म्हटलं, पत्रकात दोन ओळी वाढवू. "एवढं बारीक कोण वाचतं?" म्हणाले. मी चिडून उठले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी आधी मुलीलाच सगळं सांगितलं, काकांच्या पाठीचंसुद्धा. लग्न तिचं होतं. ती अंगण सारवत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"त्याचं पण हाय तसं," ती म्हणाली. "गावची पालखी नाचवताना पयला खांदा त्यांच्या घराचा. गेल्या शिमग्यात हा मागंच उभा. सकाळी भिंत धरून उठतो, त्याची बहीण सांगत होती."

"मग बघ उद्या कशी विचारते मी."

"तू नको. तू बोललीस की भांडण होतं. मी इचारीन."

बैठक मुलीच्या घरी भरली. काकांनी चहा घेतला नाही. कप बाजूला सरकवून ठेवला. मुलीचा बाप उंबऱ्याशी टेकून बसला होता. मी डॉक्टरांचं कुष्ठरोगाबद्दलचं सगळं, काही न गाळता सांगितलं; पाठीचं तेवढं मुलीवर सोडलं.

"बगा. रक्तातच हाय," काका म्हणाले.

चहा देऊन आत जायची रीत. मुलगी तिथेच उभी राहिली. मुलाला म्हणाली, "तुमची पाठ सकाळी धरते ना?"

मुलगा खाली बघू लागला. काका म्हणाले, "आमच्यात सगळ्यांची पाठ ताठ. तो रोग नाय, घराण्याचा मान हाय."

"बाबांच्या चट्ट्याला आमी पण देवीचा कोप म्हणत व्हतो. औषध घेतलं तवा बरे झाले. पाठ दाखवा डॉक्टरला, काका. मी त्याच्यापायी लग्न मोडा म्हणत नाय."

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. मी ते कसंबसं गिळलं. मुलाने हळूच मला विचारलं, "ताई, तुमचा डॉक्टर सोमवारी असतो काय?"

काका अख्खे त्याच्याकडे वळले, दातओठ खात. राग असेल म्हणून मी सावरून बसले. पण त्यांचा हात कमरेवर होता.

"दुखतं तुला पण?" त्यांनी विचारलं. मुलाने मान हलवली. जेमतेमच हलली ती.

काकांनी कमरेवरचा हात काढला. मग सरकवलेल्या कपाकडे बोट दाखवून मुलीला म्हणाले, "हा निवला. दुसरा आण. नि येताना अडकित्ता आण."