दहा वाजताचा टँकर

“दस बजे पानी कौन लेगा, साहब? झोपडी का दीवार लेगा?”

दारात उभी राहून एक रेजा ओरडत होती. रेजा म्हणजे बांधकामावर विटा-माती वाहणारी बाई. आवाज असा, की पोलादाच्या प्लांटचा भोंगा लाजून अर्ध्यातच बंद पडला असावा. आत भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या आरोग्य समितीची रात्रीची सभा भरली होती आणि माझ्या हातातला समोसा तिच्या ओरडण्याने थरथरत होता. समोसा मी सोडला नाही, ती गोष्ट वेगळी.

भानगड अशी होती. आमच्या गल्लीमागे ठेकेदाराने ओडिशाकडून आणलेले मजूर झोपड्या घालून राहत. तिथे हगवण लागली होती. सगळ्या वस्तीला मिळून एक हातपंप, आणि त्याचं पाणी असं, की बादलीत डोकावलं तर आपलं तोंड दिसायच्या ऐवजी पुढचा जन्म दिसावा. समितीपुढे ठराव आला, पंपाचा दांडा काढून टाकायचा आणि रोज सकाळी दहाला टँकर पाठवायचा. ठराव कागदावर झकास. पण ही माणसं उजाडताच ठेकेदाराच्या ट्रकमध्ये चढत आणि अंधार पडल्यावर उतरत. हजेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये जागा नाही. त्या रेजाची पोरगी हगवणीने झोपडीत दिवसभर एकटी पडून होती. टँकर संध्याकाळी पाठवा, नाहीतर पोरीला पाजू काय, एवढंच बाईचं म्हणणं.

आता आमची समिती किती न्यायी होती ते ऐका. भिलाईत सगळेच बाहेरून आलेले, माझा बापही भंडाऱ्याकडून वळकटी घेऊन उतरला होता. म्हणून प्रत्येक भाषेच्या मंडळाला एकेक खुर्ची. बंगाल्यांना, तेलुगूंना, मल्याळ्यांना. मराठी मंडळाची खुर्ची मला, कारण माझा घसा मोठा. आणि ओडिया खुर्चीवर प्लांटच्या पक्क्या क्वार्टरांच्या सेक्टरातले एक बाबू, घरात दोन नळ असलेले. त्या झोपड्या कोणत्या दिशेला आहेत हे त्यांना होकायंत्र देऊनही सापडलं नसतं. इतकी बरोबर वाटणी भोपाळच्या मंत्रिमंडळालाही जमली नसती.

अध्यक्ष आमच्याच नागपूरकडचे साहेब. ते शांतपणे म्हणाले, “बाई, आपका आदमी यहाँ बैठा है. उनको बोलो.”

मग ती बाबूंकडे वळून आपल्या भाषेत जी सुटली! हात आभाळाकडे, मग पोटावर, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून पोरगी केवढी ते दाखवलं. शेजारच्या बंगाली बाबूला अर्धंमुर्धं कळलं असावं, त्याने मान खाली घातली. ओडिया बाबू चष्मा पुसत राहिले.

“क्या बोल रही है?” साहेबांनी विचारलं.

“बोल रही है, ठीक है.”

झालं. मी तरी घसा वापरला. “साहेब, टँकर संध्याकाळी पाठवला तं?”

“अरे भाऊ, मराठी माणसाले काही तरास आहे काय?”

“नाही, पण...”

“मग कावून मध्ये बोलून राहिला तू?”

ठराव एकमताने पास झाला. चहा आला.

टँकर रोज दहाला यायचा. वस्तीत कुत्रंही नसायचं, म्हणून आमच्या गल्लीने कूलर भरले, स्कूटर धुतल्या, एका म्हशीला तर इतकं घासलं की ती गोरी पडली. रात्री झोपड्यांतल्या बाया नाल्यावर हंडे बुडवायच्या.

पोरगी त्याच आठवड्यात गेली. याच्यात मी मीठमिरची लावलेली नाही.

मी साहेबांकडे गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. “साहेब, ते रेजाची पोरगी गेली. नाल्याचं पाणी पाजलं तिले. दहा वाजता तिथं कोणी नसते, हे बाई बोंबलून सांगून राहिली होती आपल्याले.”

साहेबांनी पान उलटलं.

“टँकर तं वेळेवर जाऊन राहिला ना?”