ठणठणीत बोटीतली खोट

“मुलाणीसाहेब, एक खोट काढा. लई न्हाय. एकच.”

बारामतीजवळच्या पिंपळीतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर बसून रंगनाथ आबा हे म्हणत होते. माझ्या हातात ते घेणार असलेल्या बोटीचा सर्व्हे रिपोर्ट होता. चौतीस पानांचा. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं: बोट उत्तम स्थितीत, लांब पल्ल्याच्या प्रवासाला योग्य.

“आबा, बोट ठणठणीत आहे.”

“त्येच तर. ठणठणीत हाय म्हनून पंचाईत झालीया.”

मी मरीन सर्व्हेअर. जुनी गाडी घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो ना, बोट घेताना जो न्यायचा तो मी. मूळचा इंदापूरचा, वडिलांचं सायकलचं दुकान होतं. सोळा वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो, मग मुंबईत स्वतःचं ऑफिस टाकलं. या धंद्यात खोट झाका असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इंजिनातून तेल गळत असलं तर विकणारा सांगतो, “घाम आहे साहेब, उन्हाचा.” पण खोट घाला असं सांगणारा मला पहिल्यांदाच भेटत होता. आणि तोही घेणारा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आबांचा धंदा ट्रान्सपोर्टचा, जोडीला दोन पोल्ट्री. वय अठ्ठावन्न. उजनी धरणाचं पाणी इंदापूरच्या बाजूला पसरलंय, तिथे त्यांच्या मेव्हण्याची जमीन. त्या काठाला आबांनी एक छोटी मोटरबोट ठेवली होती. दर रविवारी टोपी घालून ते पाण्यात जायचे, दहा-बारा वर्षं. त्यावरून त्यांची खात्री पटली होती की आपण जन्मजात दर्यावर्दी आहोत, फक्त जन्म चुकून पिंपळीत झाला.

मग कुणीतरी त्यांना बातमी दिली. मुंबईतल्या एका कारखानदाराची मोटर यॉट विकायची आहे. बासष्ट फूट लांब, फायबरची, दोन डिझेल इंजिनं, तीन बेडरूम, एसी, स्वयंपाकघर. डिझेलच्या टाक्या एवढ्या मोठ्या की मुंबईत भरल्या तर कोचीपर्यंत बघायला नको. याला आम्ही लाँग रेंज म्हणतो. आबांनी फोटो पाहिला आणि व्यवहार ठरवला. करारात नेहमीची अट होती: सर्व्हेत मोठा दोष निघाला तर घेणारा मागे फिरू शकतो, नाहीतर सौदा पक्का.

सर्व्हेच्या आधीच आबांनी भाषा बदलली. बोटीत डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. आबा हे जीपमध्येही वापरायला लागले. बारामतीच्या भिगवण चौकात ओरडायचे, “स्टारबोर्डला घे!” ड्रायव्हर गाडी थांबवून विचारायचा, “आबा, म्हंजी एमआयडीसीकडं का?” गावानं तर जाहीर सत्कारही उरकून घेतला. बोट यायची होती, शाल येऊन गेली होती.

मे महिन्यात मी बोट बाहेर काढून तपासली. बोट पाण्यातून उचलायची, तळ घासायचा आणि छोट्या हातोडीनं इंच इंच ठोकत जायचं. कलिंगड वाजवून बघतात तसंच. आवाज बद्द आला तर आत पाणी मुरलंय. दोन दिवस ठोकलं. कुठेही बद्द आवाज नाही. इंजिनं उघडली, ती आमच्या ऑफिसपेक्षा स्वच्छ. राहिली सी ट्रायल, म्हणजे बोट समुद्रात नेऊन चालवून बघणं. आबा म्हणाले, “त्याला आमी येनार.” बरोबर त्यांच्या मंडळी सुलोचनाकाकी आल्या. काकींच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. आबांच्या गळ्यात दुर्बीण होती.

बोट चालवायला दाभोळचे महादेव तांडेल होते. कारखानदाराकडे बोट आली तेव्हापासून तेच तिचे कप्तान. कमी बोलणारा माणूस.

बंदराच्या आत आबा फॉर्मात होते. उभं राहून त्यांनी मला तीन जहाजं दाखवली. त्यातलं एक जहाज नव्हतं, खडक होता. मी मान डोलावली. क्लायंट होते.

बंदराबाहेर पडलो आणि स्वेल लागला. स्वेल म्हणजे लांबवरच्या वाऱ्यानं उठलेली गोल, सुस्त लाट. इथे वारा नसला तरी ती येतच राहते. बोट हळूच वर जाते, क्षणभर थांबते, मग हळूच खाली बसते. यानं बोटीला काही होत नाही. उजनीच्या पाण्यात ही लाट नसते.

दहाव्या मिनिटाला आबा बसले. पंधराव्या मिनिटाला त्यांनी दुर्बीण काढून ठेवली.

मी विचारलं, “आबा, बरं वाटतंय ना?”

“ऊन लागलं,” आबा म्हणाले. आम्ही एसीत बसलो होतो.

त्यानंतरचा तपशील मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की काकींनी बादली धरली आणि दोन तास आबांनी समुद्राकडे पाहिलं नाही.

आबा झोपल्यावर काकी मागच्या डेकवर आल्या. पदर खोचून बसल्या, भाकरी-चटणी सोडली, तांडेलांना दिली, मला दिली. मग विचारपूस सुरू झाली. हे यंत्र कसलं? मी सांगितलं, वॉटरमेकर. समुद्राचं पाणी आत घेतं, मीठ बाहेर ठेवतं, गोडं पाणी देतं.

“खाऱ्याचं गोडं करतंय?” काकी म्हणाल्या. “मंग आमच्या खालच्या हिरीला का न्हाय लावत ह्ये?”

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मग त्या तांडेलांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तांडेलांनी थोड्या वेळानं चाक त्यांच्या हातात दिलं. नवा माणूस चाक धरतो तेव्हा बोट नागमोडी जाते, कारण तो सारखा चाकाकडे बघतो. काकी लांब एका ढगाकडे बघत होत्या. बोट रेषेत चालली.

“कुठे शिकलात?” मी विचारलं.

“शिकायचं काय त्यात? पेरणीला वडलांच्या पाभरीमागं चाडं धरून चाललेली बाई मी. वडील म्हनायचे, बैलाकडं बगू नगं, बांधावरच्या झाडाकडं बग. मंग तास सरळ पडतंय.”

तांडेल त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. “बाईंचा हात बरा आहे.”

तर आता मी पिंपळीत बसलो होतो आणि आबा खोट मागत होते. माघार घेतली तर गाव हसणार. माघार नाही घेतली तर समुद्रात जावं लागणार. सुटकेची वाट एकच होती, माझा रिपोर्ट.

“ह्ये बगा,” आबांनी पान उलटलं. “किरकोळ दुरुस्त्या. हॉर्न वाजत न्हाय. हॉर्न न्हाय तर बोट कशी न्यायची?”

“हॉर्नची वायर सुटली होती. मीच जोडून आलोय.”

“तुमाला कुनी सांगितलं जोडायला?” आबा खरोखर रागावले. मग आवाज खाली आणला. “हे बगा, तुमी इंदापूरचं, आमी हितलं. तुमच्या वडलांनी माझ्या सायकलचं पंक्चर कैकदा फुकट काढलंय. लई दिलदार मानूस.”

“काढलं असेल आबा. पण पंक्चर नसताना पंक्चर आहे असं कधी सांगितलं?”

आबा झोपाळा हलवायचे थांबले.

खरं सांगतो, मन द्रवलं होतं. समोर एक भला माणूस अवघडून बसला होता. एक ओळ लिहायची होती. पण विकणारा उद्या दुसरा सर्व्हेअर आणणार, तो तीच हातोडी तिथेच मारणार, आणि मुंबई बंदरात माझं नाव बद्द वाजणार. आमच्याकडे दुकान नसतं, मशीन नसतं. नाव तेवढं असतं.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. “कसली खोट म्हनताय?”

“इंजिनात गडबड हाय म्हनत्यात साहेब,” आबा घाईनं म्हणाले.

काकींनी कप ठेवला. “व्हय का वो, साहेब? बोट चांगली हाय का न्हाय, तेवडं सांगा.”

आमचा नियम असतो, रिपोर्ट फक्त क्लायंटला सांगायचा. बायकोला, भावाला, कुणाला नाही. अर्जावरचं नाव दाखवून तसं सांगायचं म्हणून मी फाइल उघडली आणि पहिल्याच कागदावर थांबलो. आबांचे ट्रक, पोल्ट्री, जमीन, सगळं शुभशकुन म्हणून काकींच्या नावावर होतं. बोटही त्यांच्याच नावावर घ्यायची होती. सर्व्हेच्या अर्जावर सही होती, सुलोचना रंगनाथ. माझा क्लायंट झोपाळ्यावर नव्हता. चहा घेऊन आला होता.

मी रिपोर्ट काकींच्या हातात दिला. “बोट उत्तम आहे.”

“मंग घ्यायची.”

“आन जायाचं कुनी?” आबांचा आवाज चिरकला. “मला त्ये पानी सोसत न्हाय. झालं?”

“मला ठावं हाय की. बादली कुनी धरली व्हती?” काकी शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या ट्रका पार केरळापतूर जाऊन आल्या. बोट बगायला मुंबईला आले तेवडं सोडलं तर मी अजून हितल्या सोमेश्वरनगरच्या म्होरं गेले न्हाय. तुमी नगा येऊ. मी जाते.”

आबांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “साहेब, चहा घ्या. निवतोय.”

दिवाळीनंतर बोट निघाली. गोव्यापर्यंत मी बरोबर होतो. चाकावर तांडेल आणि काकी आळीपाळीनं. आबा जीपनं किनाऱ्याकिनाऱ्यानं आले. रत्नागिरीला ते आमच्या आधी जेट्टीवर हजर होते आणि दोर कुठे बांधायचा हे मोठ्यानं सांगत होते. बघणाऱ्यांना तेच मालक वाटले, आणि काकींनी तसं वाटू दिलं.

पुढचं मला तांडेलांनी सांगितलं. कोचीला जीपचा रस्ता संपला. पुढे लक्षद्वीप. काकी म्हणाल्या, “तुमी ऱ्हावा हितं, आमी येतो चार-पाच दिसांत.” आबांनी जेट्टीवर दोन फेऱ्या मारल्या. मग तांडेलांना बाजूला घेऊन विचारलं, “त्या गोळ्या असत्यात, त्या हायत का?” तांडेलांनी एक दिली. आबांनी दोन मागून घेतल्या आणि बोटीत जाऊन आडवे झाले. मधे पाणी प्यायला उठले तेवढंच. बेटाजवळ नांगर पडला, तेव्हा साखळीच्या आवाजानं जागे होऊन त्यांनी विचारलं, “निघालो का?”

“पोचलो,” काकी म्हणाल्या.

ती बोट त्यांनी पाच-सहा वर्षं ठेवली. दर मे महिन्यात तळ घासायला बोट वर काढली की काकी स्वतः यायच्या आणि हातोडी मागून घ्यायच्या.

मी त्यातून एवढंच शिकलो. सर्व्हेअर बोटीचा तळ तपासतो, इंजिन तपासतो, टाक्या तपासतो. मालकाला कुणी ठोकून बघत नाही. तेव्हापासून सी ट्रायलला घेणारा आला की मी त्याला पहिला अर्धा तास काहीच विचारत नाही. नुसता बघत राहतो, तो किती वेळ उभा आहे.