बघून म्हणायचं

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. एकदा मी बोलते, एकदा नवरा.

"भात लावलाय."

"भात लावलाय."

पाहुण्यांना वाटतं, ह्यांना कमी ऐकू येतं. तसं काही नाही. हे मालगाडी चालवतात. इंजिनात शेजारी बसलेला असिस्टंट सिग्नल दिसला की मोठ्यानं सांगतो, हिरवा की पिवळा, आणि ड्रायव्हरनं तो स्वतः बघून परत म्हणायचा, असा नियम आहे. "ऐकून न्हाई म्हणायचं, बघून म्हणायचं," हे ह्यांनी मला लग्नानंतर लगेच शिकवलं, जणू मीही ड्यूटीवर रुजू झाले होते. मी यवतच्या शाळेत शिकवते, एकच गोष्ट दहादा ऐकायची सवय मलाही आहे, म्हणून आमचं निभलं.

गेल्या हिवाळ्यात मुलीनं हौसेनं आम्हाला कोकणात शिडाच्या बोटीवर पाठवलं. आम्ही दोघंही भीमेकाठची. खारं पाणी पाहिलं ते टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, एका खडकाच्या आडोशाला नांगर टाकला, शीड उतरवलं आणि डॉल्फिन येईपर्यंत गप्प बसायला सांगितलं. हे लगेच अस्वस्थ झाले. सिग्नल नसताना गाडी उभी करणं ह्यांना मानवत नाही. किती वेळ थांबायचं, म्हणून ह्यांनी विचारलं. तांडेल चहा गाळत होता, त्यानं मान वर केली नाही.

मला मात्र गोडी लागली. सुरुवातीला सगळं पाणी एकसारखं करडं दिसतं. बघत राहिलं की फरक कळतो. कुठंतरी बारीक मासळी वर येते आणि तेवढ्याच जागेत पाण्याला उकळी फुटल्यासारखी होते. कुरव पक्षी तिथं घिरट्या घालतात. मग थोड्या वेळानं एक काळी पाठ वर येते, श्वास सोडते आणि खाली जाते. उड्या, कसरती असलं काही नाही. सकाळी कामाला निघालेल्या माणसांसारखे ते आपल्या वाटेनं चालले होते.

"उजवीकडं डॉल्फिन," मी म्हणाले.

"उजवीकडं डॉल्फिन."

"जोडी हाय."

"जोडी हाय."

बोट अगदी घरासारखी वाटायला लागली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला एक तपकिरी डोकं वर-खाली होताना दिसलं.

"डावीकडं कासव!"

"डावीकडं कासव," हे म्हणाले.

तांडेल वाकून बघून हसला. "ताई, कासव न्हय ता. नारळ आसा."

खरंच, सुकलेला नारळ तरंगत होता. मीही हसले, आणि हसता हसता काहीतरी टोचलं. मला नारळाचं कासव दिसलं, ते ठीक आहे, मी काय समुद्राची जाणकार नाही. पण ह्यांना काय दिसलं होतं? मी वळून पाहिलं तर ह्यांची नजर नारळापासून चांगली हातभर बाजूला, नुसत्या पाण्यावर होती.

"खडकावर गरुड," मी म्हणाले. खडक रिकामा होता.

"खडकावर गरुड," हे म्हणाले.

मला भीती वाटली. ह्यांच्या इंजिनामागं दौंडच्या यार्डातून निघणारी मालडब्यांची लांब रांग मी किती वेळा पाहिली होती, आणि फाटकाशी सायकली धरून उभी असलेली शाळेची पोरंही.

"खडकावर काय न्हाई," मी हळू आवाजात म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली.

"कवापासून?"

"दिवाळीपासून. लांबचं पुसट झालंय."

"आन् सिग्नल?"

"असिस्टंट सांगतो की. डोळे चांगले हायत त्याचे."

"मग त्यालाच द्या इंजिन. तुम्ही कशाला जाता?"

"मेडिकलला नापास केलं तर टेबलावर बसवतील मला. कागद हलवायला." ह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. "रिटायर व्हायला दोन वर्षं तर राह्यलीत. जातील निघून."

मला ह्यांची कीव आली, पण राग जास्त आला. "जातील. आन् त्या दोन वर्षांत एकदा त्या असिस्टंटलाच नारळाचं कासव दिसलं, तर?"

तांडेलानं पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला. कुरव पुन्हा फिरून आमच्या बाजूला आले, आणि बोटीच्या अगदी पुढ्यात नाही, पण जवळच, एक पाठ वर आली. श्वासाचा फुस्स आवाज स्पष्ट आला.

"डॉल्फिन. समोर," मी म्हणाले.

आवाज ह्यांनीही ऐकलाच असणार. ऐकून म्हणणं सोपं होतं. हे डोळे बारीक करून त्या दिशेला बघत राहिले. पाठ आणखी एकदा वर आली आणि गेली.

"न्हाई दिसत," हे म्हणाले. इंजिनात बोलतात तसे, मोठ्यानं. तांडेलानं वळून पाहिलं.

मग ह्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "घरी गेल्यावर आधी डॉक्टर. तवर गाडी न्हाई."

मी ह्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "आधी डॉक्टर. तवर गाडी न्हाई."