पांजणीची सकाळ

माझे सगळे लहानपण कन्हान नदीच्या काठी, खाप्याला गेले. म्हणून मला पोहता येते असे मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत धरून चाललो होतो. नागपुरातल्या तरणतलावावर एका सकाळी तो समज गेला. मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचलो आणि कठडा धरून धापा टाकत वर पाहिले, तर माझी वेळ घ्यायला आलेला एका सायकल कंपनीचा माणूस हातातले घड्याळ खिशात घालत हसत होता.

"अरे भाई, तुम तैरते कहाँ हो," तो म्हणाला, "तुम तो पानी से लड़ते हो."

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षे होती. आधी पोहायचे, मग सायकल, मग धावणे, मध्ये न थांबता, अशी शर्यत आपल्याकडे नुकतीच कुठे कुठे होऊ लागली होती आणि त्याच्या कंपनीला तिच्यासाठी खेळाडू हवे होते. मी तेव्हा एका कचेरीत खेळाच्या कोट्यातून लागलेला कारकून होतो. दिवसभर फायली, आणि धावणे सकाळी पाचला किंवा कचेरी सुटल्यावर. त्याने मला सरळ सांगितले. फेब्रुवारीतली शर्यत आम्ही म्हणतो त्या वेळात पूर्ण करा, मग वर्षाचा करार. मग फाईल नाही, फक्त खेळ. धावण्यात मला काही शिकायचे नव्हते. सायकलही पायात बसलेली होती, कारण दर शनिवारी मी नागपुरात जरीपटक्यातल्या माझ्या खोलीतून सायकलवरच खाप्याला जात असे. पाण्याचे मात्र काही खरे नव्हते. पोहून बाहेर पडेपर्यंत माझ्या पायांतला सगळा दम संपलेला असायचा.

शिकवणारा कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. दादा होता.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचे घर विणकराचे. बाबांच्या डोळ्यांना सुताचा धागा दिसेनासा झाला तेव्हा दादा चौथीत होता. तो शाळेतून उठला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. तो बसला म्हणून पुढे मी शिकू शकलो, गावची शाळा संपवून नागपूरच्या कॉलेजात गेलो, आणि आमच्या घरात पहिला बी.ए. झालो. निकालाचा पेपर घेऊन मी आलो त्या दिवशी त्याने माग बंद ठेवला होता. पेपरातला माझा नंबर कुठे आहे ते त्याने मला बोट ठेवून दाखवायला लावले, आणि मग आलेल्या-गेलेल्याला स्वतः तसेच बोट ठेवून दाखवत राहिला. हे उपकार मी कधी त्याला बोलून दाखवले नाहीत. आमच्याकडे तशी रीत नाही.

पावसाळा सरून नदीचे पाणी निवळले तेव्हा मी रजा काढून आणि रविवार जोडून घरी यायला लागलो. पहिल्या दिवशी दादा नदीतल्या डोहाच्या काठावर उकिडवा बसला, तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत माझ्याकडे पाहत राहिला. मी पोहत पलीकडे जाऊन आलो.

"काहून गा, पान्यानं काई केलं का तुले?"

"काय केलं?"

"मारून राहिला न त्याले. कुत्रं शाळेत नाई गेलं, तरी पवते. तू तं बी.ए. हो न?"

"हसू नको गा, दादा. सांग न कसं ते."

त्याने खर्रा गालात भरला. स्वतः तो डोह कसा पार करतो हे त्यालाही सांगता येत नव्हते. अखेर त्याला जे येत होते त्या विणण्यातूनच त्याने सांगितले, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून आणि पायांखालच्या पावडीतून.

"धोटा फेकाले जोर लागते का? जोर लावला तं धोटा भाईर उडते. हात मोकळा सोडाचा, जाते थो. आन खाली पाय पावडीवर. एक दाब, एक सोड. हात आन पाय भांडले का कापड बिघडते. तुह्ये हात-पाय भांडून राहिले."

मग तो पाण्यात उतरला. त्याचे पोहणे पाहून कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या. पाणी उडत नव्हते, आवाज होत नव्हता, माणूस नुसता पलीकडे जात होता. परत आल्यावर तो काठावर बसून मागाचा ठेका तोंडाने धरायचा आणि मी त्या ठेक्यावर हात टाकायचो. दुसऱ्या आठवड्यात मला एकदाच, पाच-सहा हातांपुरते, पाणी हलके लागले. मी ओरडलोच. दादा म्हणाला, "बोंबलू नको, पानी जाईन पोटात."

घरी वहिनी मला चिडवायची. "मास्तर चांगला भेटला तुमाले, भाऊजी. चौथी नापास."

"नापास नाई वं," दादा म्हणायचा. "चौथीतून उठलो. नापास अलग असते."

शर्यत पाहायला आपणही यायचे, हे दादाने ठरवून टाकले होते. तो कधी नागपूरच्या पुढे गेलेला नव्हता. शर्यतीत पोहायला नदी असते का तलाव, काठावर उभे राहू देतात का, हे तो मला फिरून फिरून विचारायचा. "करार झाला का तू सुटला," तो म्हणायचा. कशातून, ते म्हणायचा नाही.

तुळशीचे लग्न होऊन गेल्यावरचा तो रविवार. त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच डोह न थांबता चार वेळा पार करायचा होता. सकाळी सहाला नदीवर जायचे ठरले होते. पण शनिवारी मी पोहोचलो तेव्हा बाबा म्हणाले, उद्या पांजण आहे.

पांजण म्हणजे ताण्याला, मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ चढवणे. गल्लीत कडुनिंबाच्या सावलीत साडीच्या लांबीचे हजारो धागे दोन्ही टोकांना बांधून ताणायचे, ज्वारीच्या पिठाची पातळ खळ त्यावर लावायची, आणि दोघांनी दोन बाजूंना एकच जड कुंचा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. धागा न् धागा सुटा होऊन वाळेपर्यंत थांबता येत नाही. मध्ये थांबले तर ओले धागे एकमेकांना चिकटून वाळतात आणि महिन्याभराचे सूत वाया जाते. म्हणून आमच्या गल्लीत पांजण सुरू झाली की पाहुणा आला तरी कोणी वळून पाहत नाही. लहान मूल रडले तरी आई कुंच्यापाशीच असते. ओला ताणा सोडायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. ते आम्हाला माहीतच असते.

दुसऱ्या बाजूने कुंचा धरणारा शेजारी लग्नासाठी उमरेडला गेला होता. ती बाजू माझ्याकडे आली.

मी नाराज होतो. हे मला लिहिलेच पाहिजे. दहानंतर डोहावर बाया धुणे घेऊन येतात, मग तिथे पोहता येत नाही. मी मनात हिशेब करत होतो की साडेआठपर्यंत हे आटपले तर नदी गाठता येईल. बाबा एका टोकाला ताण सांभाळत बसले होते, आई तुटलेले धागे जोडत होती, वहिनी खळीचे भांडे आणून देत होती. दादा आणि मी समोरासमोर, मध्ये ताणा, दोघांचे हात एकाच कुंच्यावर. आम्ही चालत होतो.

पाचव्या की सहाव्या खेपेला कुंचा त्याच्या बाजूने जड झाला.

"थांब गा जरा," दादा म्हणाला. त्याने डावा हात छातीवर ठेवला होता. कपाळावर घाम होता, आणि ती थंडीची सकाळ होती.

"काय झालं?"

"काई नाई. पित्त चढलं वाटते. हात भरून आला."

वहिनी भांडे खाली ठेवून त्याच्याकडे पाहू लागली. बाबांना दिसत नव्हते. ते पलीकडून म्हणाले, "काहून थांबले रे?"

आणि मी म्हणालो, "दादा, खळ वाळून राहिली."

मी ताण्यासाठी बोललो असतो तर इतक्या वर्षांनी मला ते लिहावे लागले नसते. आमच्या गल्लीत कोणीही तेच बोलले असते. पण मी नदीसाठी बोललो. साडेआठसाठी बोललो.

दादाने मान हलवली. "हो, हो. चाल," तो म्हणाला. "हे होऊ दे पुरं, मंग जातो डाक्टरकडे."

आम्ही चालू लागलो. तो नेहमीसारखाच पाय टाकत होता, फक्त बोलत नव्हता. एकदा त्याने कुंचा या हातातून त्या हातात घेतला. वहिनी दोनदा म्हणाली, "राहू द्या न, मी धरतो," आणि दोन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली, कारण तिची उंची पुरत नव्हती आणि कुंचा तिरपा पडला असता. मी हे सगळे पाहत होतो. आयुष्यात दुसऱ्या कशापेक्षा धावणेच जास्त केलेला मी माणूस, आणि त्या सकाळी मी माझ्या भावाच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, चालत होतो.

ताणा वाळला. धागे सुटे झाले. बाबांनी हात फिरवून पाहिले आणि "झालं" म्हणाले. दादा कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसला. खळीने पांढरे झालेले हात त्याने गुडघ्यांवर उताणे ठेवले. मग तो एका बाजूला कलला.

तेव्हा मी धावलो. अनवाणी, गल्लीतून, बाजारातून, डॉक्टरांच्या घरापर्यंत. इतक्या जोरात मी आधी कधी धावलो नव्हतो आणि नंतरही धावलो नाही. डॉक्टर स्कूटरवर निघाले आणि मी मागून धावत परत आलो, जवळजवळ त्यांच्याबरोबरच पोहोचलो. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, कानातली नळी काढून गळ्यात टाकली.

"कधीपासून दुखत होतं?" त्यांनी विचारले.

वहिनी माझ्याकडे पाहत होती.

"आत्ताच," बाबा म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात तेच चालले. भेटायला येणाऱ्याला आई सांगायची, आत्ता बसला आणि आत्ता गेला. मीही तसेच सांगायचो. सांगताना माझी आणि बाबांची नजर कधी एकत्र आली नाही.

शर्यतीला जायचे नाही असे मी ठरवले होते. तेरावा झाल्यावर बाबांनीच विषय काढला. "जा," ते म्हणाले. "थो दरवेळी तुह्या मांगं नदीवर बसे. माग बंद ठेवून बसे. आता नाई गेला तं थे बी फुकट."

मग मी एकटाच डोहावर जाऊ लागलो. शर्यतीच्या दिवशी मला मनातून वाटत होते की पाण्यात हात-पाय गळावेत, दम तुटावा, कोणीतरी मला बाहेर ओढून काढावे. तसे काही झाले नाही. शरीर शिकले होते ते शिकले होते. मी पाण्यातून वर आलो तेव्हा माझ्या पायांत भरपूर दम होता. सायकलवर मी कितीजणांना मागे टाकले, धावताना आणखी कितीजणांना. शेवटच्या रेषेवर सायकल कंपनीच्या माणसाने मला मिठी मारली आणि विचारले, "पानी में क्या किया तुमने? कौन सिखाया?" मी म्हणालो, भाईने. तो म्हणाला, उसको भी ले आओ कभी.

करार झाला. मी कचेरीचा राजीनामा दिला आणि पुढची बरीच वर्षे मी फक्त खेळावर जगलो. कितीतरी गावांची, दोन-तीन परदेशांची पाणी मी पाहिली. लोक मला भाग्यवान म्हणतात आणि मी आहेच. माझ्या गल्लीतला दुसरा कोणी माणूस असे आयुष्य जगलेला नाही.

कराराचे पत्र घेऊन मी खाप्याला गेलो ती दुपार मला अजून लख्ख आठवते. पत्र इंग्रजीत होते. मी ते आई-बाबांना मराठीत वाचून दाखवले. बाबांनी कागद हातात घेऊन चाचपला. "म्हंजे आता पयाचाच, नुसतं धावाचाच पगार?" त्यांनी विचारले, आणि मी हो म्हटल्यावर ते उठून बाहेर गेले. आई चुलीकडे गेली.

वहिनी दाराशी मिरच्यांची देठे काढत बसली होती. त्या सकाळपासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलत असे. जेवायला बसा, पाणी घ्या, एवढेच. मी पत्राची घडी करत होतो.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा न, वहिनी."

"डाक्टरच्या घरी जाले तुमाले किती वेळ लागला होता?"

मला खोटे बोलता आले असते. धावणाऱ्या माणसाला मात्र हे नेमके माहीत असते. विचारल्याबरोबर आकडा तोंडावर येतो.

"चार मिनिटं," मी म्हणालो.

ती देठे काढत राहिली. "आन थे थांब म्हनले, त्याच्यानंतर पांजन किती चालली?"

"चाळीस. चाळीसेक मिनिटं."

तिने मान हलवली. रागाचे काही तिच्या चेहऱ्यावर नव्हते. असते तर बरे झाले असते.

"मले वाटे, लांब असन डाक्टरचं घर," ती म्हणाली. "मी कधी गेली नाई न तिकडे."

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "जवळच आहे."