दोन हिरवे ग्लास

नगरच्या स्टेशनवर मला पोचवायला अप्पा एकटेच आले होते. आई घरीच राहिली. चारचौघांत रडणं तिला आवडत नसे. अप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि निरोप देतानाही धडा दिल्यासारखं बोलत. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिकडं आपली माणसं थोडी असतील. थोडी असली की भांडणं जास्त होतात. भांडण झालं तर मंडळीत बसून भांड, मंडळी सोडून घरी बसू नको." मी हो म्हटलं. लग्नाला दोनच महिने झाले होते, हे जयपूरला रेल्वेच्या कचेरीत होते, आणि भांडणाचा विचार करायची ती वेळच नव्हती. मनमाडला गाडी बदलली, पुढे आणखी दोनदा बदलली, आणि छोट्या रुळांवरच्या गाडीनं तिसऱ्या दिवशी जयपूरला उतरले. ट्रंकेत नर्सिंगचं सर्टिफिकेट, दोन पांढरे गणवेश आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला पंधरा वर्षं होताहेत आणि स्मरणिका काढायचं ठरलं आहे. मला निरोप आला, "सिस्टरबाई, तुम्ही जुन्या. मंडळीची एकी कशी टिकली यावर दोन पानं द्या." देते. नगरला मागे राहिलेल्यांनी वाचावीत, माझ्यासारखे गाठोडं उचलून इकडे आलेल्यांनीही वाचावीत. छापायची की चुलीत घालायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता माझ्या तोंडात 'भैया' आणि 'मतलब' इतके बसलेत की नगरला गेले की भावजया हसतात. लेक मराठी गीतांचं पुस्तक वाचते खरं, पण हिंदी शाळेतल्या सुरात. तेव्हा मात्र मला इथलं काहीच कळत नव्हतं. भाजीवाला मला मद्रासी समजायचा. दवाखान्यातल्या बायका विचारायच्या, "सिस्टरजी, आप कौन जात?" मी म्हणायची, "ईसाई." त्या म्हणायच्या, "वो तो ठीक है, पर पहले?" मला राग यायचा आणि वाटायचं, बरं झालं, आपल्यात तरी हे विचारत नाहीत.

आपल्यात म्हणजे बारा घरांत. हिंदी मंडळीच्या देवळामागची खोली आपल्याला महिन्यातून एका रविवारी दुपारी मिळायची. तीन महिन्यांतून एकदा अजमेरहून पाळकसाहेब येत, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पहिल्या रविवारी मराठी गीत कानावर पडलं आणि मी पदरात तोंड घालून रडले. त्या हिवाळ्यात आमच्याकडे पांघरायला धड काही नव्हतं, तर शिमोनमामांनी रजई पाठवली. शिमोनमामा मंडळीचे पंच. मंडळी पहिल्यांदा भरली तीच त्यांच्या बरामद्यात. मी त्यांच्यावर आज रागावून लिहिणार आहे, म्हणून रजईची गोष्ट आधी सांगून टाकते. माणूस वाईट नव्हता. त्याचाच तर मला संताप आहे.

प्रभुभोजनाला एकच प्याला असायचा. पितळेचा, वरून कल्हई केलेला. मनुका भिजवून, उकळून केलेला रस त्यात असे आणि तो हातोहात फिरे. प्रत्येक जण काठ पांढऱ्या फडक्यानं पुसून पुढच्याला देई. माझे आजोबा ख्रिस्ती का झाले, ते आमच्या घरात पुष्कळदा सांगितलं जाई. गावात त्यांना पाणी मिळे ते वरून ओतलेलं. ओंजळ खाली, तांब्या वर, मध्ये हातभर अंतर. मिशनच्या साहेबानं स्वतः पिऊन तेच भांडं त्यांच्या हातात दिलं. बाकीचं शास्त्र आजोबांना नंतर कळलं, आधी ते भांडं कळलं. तेव्हा प्याला म्हणजे आमच्यासाठी काय होता, हे वेगळं सांगायला नको.

चार वर्षांनी दाऊद आणि रूथ आले. दाऊद फौजेच्या बँडमध्ये पिपाणी वाजवायचा, खातीपुऱ्याच्या बाजूला त्यांचं बिऱ्हाड होतं. उंच, लाजरा माणूस. पहिल्याच रविवारी त्यानं खोलीतली मोडकी पेटी मांडीवर घेतली, दोन सूर दाबून पाहिले आणि दुरुस्त करून टाकली. त्या दिवसापासून आपलं गाणं सुरात आलं. त्याआधी आपण काय करत होतो ते शेजारचे लोक कबुतरं उडाल्यावरून ओळखायचे. रूथचं पहिलं बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं, माझ्या ड्यूटीत. पोरगा आधी माझ्या हातात आला, मग तिच्या. मला सख्खी बहीण नाही. रूथ आल्यावर ती उणीव वाटेनाशी झाली.

मग शिमोनमामा एका लग्नाला नगरला गेले आणि बातमी घेऊन आले. दाऊदचा बाप गावात दोर वळायचा आणि वरातीत हलगी वाजवायचा. म्हणजे तो मांगवाड्यातला. आपली बाराही घरं मूळची महारवाड्यातली. वेशीच्या आत दोघांनाही जागा नव्हती. पण वेशीबाहेर उभं राहूनही आपण त्यांच्यापेक्षा चार पावलं पुढं उभे आहोत, याचा आपल्याला केवढा ताठा. देव बदलला, नावं बदलली, मुलूख बदलला, तीन गाड्या बदलून इथवर आलो, आणि ट्रंकेत हेही बांधून आणलं.

पुढच्या सभेत मामा उठले. "आजकाल रोगराई फार वाढली. मतलब, मी कुणाला उद्देशून बोलत नाही. पण एका प्याल्याला सगळ्यांचे ओठ लागतात. सिस्टरबाई आपल्यातच आहेत, त्यांनाच विचारू. बाई, एका प्याल्यानं जंतू पसरतात की नाही?"

ह्यांनी मला सकाळीच बातमी सांगितली होती. त्यामुळे मामा काय विचारताहेत ते मला पक्कं कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, दाऊद आणि रूथ सोडून. मामांच्या सख्ख्या भावाला क्षय होता. तो दोन वर्षं याच प्याल्यातून पीत होता, तेव्हा कुणाला जंतू आठवले नव्हते. हे मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पसरू शकतात."

नर्स म्हणून ते खरं होतं. माणूस म्हणून ती लबाडी होती. मी ती शुद्धीवर असताना, इस्त्रीच्या साडीत, सर्वांच्या देखत केली. भीती कसली, तर बारा घरांपैकी अकरा घरं तोंड फिरवतील याची. परमुलखात अकरा घरं म्हणजे काय, ते घर सोडलेल्यालाच कळेल. पण कळलं म्हणून क्षमा करू नका.

दाऊद म्हणाला, "बाई म्हणत्यात तर बरोबरच आसंल." आणि नुसतं म्हणून थांबला नाही. त्यानं पलटणीतल्या सुताराकडून चोवीस भोकांचा लाकडी ट्रे करवून आणला, पॉलिश करून. मामांनी चांदपोल बाजारातून छोटे काचेचे ग्लास आणले. बावीस पांढरे, दोन हिरवे. दुकानात कमी पडले, म्हणाले.

प्रभुभोजनाच्या वेळी ट्रे मामाच फिरवत. दाऊदच्या रांगेशी आले की ट्रे हातातल्या हातात वळवत आणि हिरवा कोपरा त्यांच्यापुढे येई. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. नंतर रूथ ग्लास विसळायला गेली तर मामींनी तिला म्हटलं, "राहू दे, तू पोराला घे." तिसऱ्यांदा झालं तेव्हा घरी जाताना रूथनं मला विचारलं, "बाई, आमचंच गिलास हिरवं का येतंय?" मी म्हटलं, "योगायोग असेल." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

चौथ्या वेळी ट्रे वळला तसा दाऊदनं हात लांबवून पलीकडचा पांढरा ग्लास घेतला. मामांनी ट्रे मागे ओढला. रस सांडला, पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावरही उडाला. दाऊद उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "माझ्या बापानं दोर वळलं. माझ्या ओठाला काय लागलंय त्याचं?"

उपासना कशीबशी उरकली आणि त्याच दुपारी पाळकसाहेबांनी समेट करायला घेतला. ख्रिस्ती माणसं भांडण कशी मिटवतात ते मी त्या दिवशी पाहिलं. साहेबांनी आधी एकीवर बोलून घेतलं: शरीर एक, अवयव अनेक. मग निवाडा दिला. हिरवे ग्लास काढून टाकावेत, सगळे सारखे आणावेत. मामांनी म्हणावं की मनात काही नव्हतं. आणि दाऊदनं प्रभूच्या मेजापाशी आवाज चढवल्याबद्दल मंडळीची माफी मागावी. मामा म्हणाले, "कुणाला वाईट वाटलं असेल तर मला खेद आहे." वाईट वाटलं असेल तर! जणू वाटून घेणाऱ्याचीच चूक.

मी उठले. एवढं तरी केलं. म्हटलं, "साहेब, मला जंतूंबद्दल विचारलं तेव्हा प्रश्न जंतूंचा नव्हता. मला ते ठाऊक होतं."

साहेब मायेनं म्हणाले, "बाई, आता मिटतंय. जखम उकरू नये, हे तुम्हाला मी सांगायचं का? बसा." शेजारून ह्यांनी पदर ओढला. मी बसले. दाऊदनं माफी मागितली. हातात हात दिले गेले, प्रार्थना झाली, चहा झाला. चहाबरोबर बिस्किटंही होती.

ते दोघं पुन्हा आले नाहीत. पेटी पुन्हा बेसूर झाली. दीड महिन्यानं मी सायकलरिक्षा करून खातीपुऱ्याला गेले. रूथनं पाणी दिलं, मी प्याले. ती म्हणाली, "आमच्या घरात तुम्ही पाणी पेता, ते मला कधीपासनं ठाऊक हाय बाई. तिथं का नाही बोलला?" मी म्हटलं, "भ्याले." पहिल्यांदाच खरं बोलले, तेही ऐकणारी एकटीच असताना. वर्षभरानं त्यांची बदली झाली. त्या वर्षभरात मंडळीतलं कोणी त्यांच्याकडे गेलं नाही. 'बदली झाली असेल' असं मात्र तुम्ही दुसऱ्या महिन्यापासूनच म्हणत होता.

मी मंडळी सोडली नाही. अप्पांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. अप्पांना काय कल्पना, की आत बसूनही माणूस गप्प राहू शकतो. मी दर उपासनेला येते, गाते, चटया उचलते. ट्रे आला की ग्लास न घेता पुढे देते. सात वर्षं झाली. तुम्ही म्हणता, सिस्टरबाईंनी एकी मोडली. हे म्हणतात, "तू एकटी किती दिवस उपाशी राहणार?" नवरा भला आहे, म्हणून रागाचं उत्तर देत नाही. पण विचारते, बारा घरांची एकी तेराव्याला बाहेर घालवून टिकली असेल, तर तिला गावकूस का म्हणू नये?

गेल्या साली मी रूथला माफीचं पत्र लिहिलं. तिला लिहिता येत नाही. उत्तर दाऊदच्या अक्षरात आलं, शब्द तिचे. "बाई, तुम्हाला कवाच माफ केलं, कारण तुम्ही केलं म्हणाला. त्यांना माफ कराया बी मी तयार हाय. पण त्यांनी काही केलंच नाही, तर माफ काय करू? आता आम्ही कुठल्याच देवळात जात नाही. पोरगा शाळेतनं येऊन इचारतो, आपण कोण. ह्यांनी त्याला अजून काही सांगितलेलं नाही." माझ्या हातांनी या जगात आलेला पोरगा.

तुमच्या पत्रात शेवटी एक प्रश्न होता, सगळ्यांनाच विचारलाय: आज तुम्हाला घर कुठं वाटतं, नगरला की जयपूरला? नगरला आता आई-अप्पा नाहीत. जयपुरात मला गल्लीतलं कुत्रंही ओळखतं. इथंच म्हातारी होईन, इथंच पुरतील. तरी तुमच्यात बसले की मला अजून पाहुण्यासारखं वाटतं, आणि ते मला नकोय. मला घर हवंय, आणि ते तुमच्याखेरीज दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून तर एवढी चिडते. दाऊद आणि रूथचा पत्ता माझ्याकडे आहे. सात वर्षांत तुमच्यापैकी एकानंही तो मागितलेला नाही. मी संध्याकाळी पाचनंतर घरी असते.