अवधूतची पाळी

अवधूत नेर्लेकर हा माणूस मला पहिल्या आठवड्यापासून आवडला नाही, आणि दोन वर्षं एका घरात राहूनही माझं मत तसूभर सुधारलं नाही. अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये आम्ही तिघं विद्यार्थी एकत्र राहतो: मी, अनय आणि हा. स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद फ्रिजवर लावलाय. अवधूतचे वार मंगळवार आणि शुक्रवार. नेमकं त्याच दिवशी त्याला लायब्ररीत काम निघतं. आम्ही वैतागून खिचडी टाकली की साडेआठच्या बसने स्वारी हजर. दोनदा वाढून घेणार आणि वर "मीठ जरा कमी आहे" म्हणणार.

लाज असती तर निदान गप्प बसला असता. पण हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. "हे बघ प्रल्हाद," त्याने एकदा ताट पुढे ओढत मला समजावलं, "तुम्ही केलंत, तर मी न करणंच माझ्या फायद्याचं. तुम्ही नाही केलंत, तरी तिघांसाठी एकट्याने राबण्यापेक्षा न करणंच फायद्याचं. याला डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणतात, यार. पर्सनली घेऊ नकोस." आळसाला इंग्रजी नाव दिलं की त्याचं शास्त्र होतं, अशी या गृहस्थाची समजूत.

फेब्रुवारीत मला सडकून ताप आला. अनय कॉन्फरन्सला गेलेला, वार मंगळवार. मी अवधूतला मेसेज केला, थोडा मऊ भात टाकशील का. "लायब्ररीत आहे." साडेआठला आला, कुकर उघडून पाहिला, रिकामा दिसल्यावर स्वतःपुरतं वाटीत दूध-सीरियल घेऊन खोलीत गेला. त्यानंतर मी त्याच्यासाठी तांदळाचा दाणा शिजवला नाही.

आणि गेल्या रविवारी सकाळी हाच माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा. दुसऱ्या दिवशी त्याचा गेम थिअरीचा, म्हणजे डावपेचांच्या गणिताचा, पेपर होता. आधी एकदा नापास झालेला. या खेपेला गेला असता तर पदवी नाही, थेट परतीचं विमान. तो कोर्स मी गेल्या वर्षीच केला होता. त्याच्या हातात माझ्यासाठी चहा होता, दोन वर्षांतला पहिला.

मी नोट्स काढल्या. एकदाच खेळायच्या डावाबद्दल त्याने घडाघडा सांगितलं.

"आणि तीच माणसं तोच डाव रोज खेळत असतील तर?"

त्याला येईना. मी पान उघडून दिलं. त्याने वाचलं आणि दोन मिनिटांत त्याला समजलंसुद्धा. तो मूर्ख नाही, याचीच मला जास्त चीड येते.

"मग गणित बदलतं," तो म्हणाला. "आज फसवलं की उद्या समोरचा वसूल करतो. एक स्ट्रॅटेजी आहे, ग्रिम ट्रिगर. एकाने फसवलं की दुसऱ्याने पुढे कधीच को-ऑपरेट करायचं नाही."

"किती वेळा फसवल्यावर?"

"एकदाच."

"नंतर त्याने चहा आणून दिला तर?"

अवधूतने कपाकडे पाहिलं. "तरी नाही," तो हळूच म्हणाला.

"बरोबर. पेपरात असंच लिही."

मी नोट्स त्याच्या हातातून घेतल्या. अजून पाच प्रकरणं बाकी होती. तो गेला.

चहा उत्तम झाला होता. म्हणजे त्याला येत होतं.